मुलाचं गणित घरी कसं घ्यावं, आणि कुठे हात आखडता घ्यावा

घरी गणिताला जितका जास्त वेळ द्यावा तितके मार्क वाढतात, असं बहुतेक पालक धरून चालतात. वह्या तपासताना उलटच दिसतं. गृहपाठाची वही चकाचक, एकही खाडाखोड नाही, आणि घटक चाचणीत त्याच प्रकारचं गणित कोरं सोडलेलं. घरचं गणित आईनं किंवा बाबांनी सोडवलं होतं, मुलानं फक्त हात चालवला होता.

अमेरिकेत एरिका पटॉल, हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये गृहपाठातल्या पालकांच्या मदतीवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. भाषेत मदतीचा संबंध चांगल्या निकालाशी दिसला, गणितात उलट. गृहपाठाचे नियम ठरलेले होते, म्हणजे कधी बसायचं, कुठे बसायचं, टीव्ही कधी बंद, तिथे मात्र निकाल चांगले होते. आता कच्च्या मुलाला मदत जास्त मिळणारच, म्हणून सगळा दोष मदतीवर ढकलता येत नाही. पण शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांवर केलेला अभ्यास जास्त बोचरा आहे. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली, पण ते पालक वारंवार गृहपाठाला बसत असतील तरच. जे बसत नव्हते त्यांच्या मुलांवर त्या धास्तीचा असा परिणाम दिसला नाही.

तेव्हा प्रश्न किती वेळ बसायचं हा नाही, बसून काय करायचं हा आहे. खालचे टप्पे पहिली ते आठवीच्या मुलांना धरून लिहिले आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक घरांत चौथ्या टप्प्यापासून सुरुवात होते आणि तिथेच गाडी अडकते.

टप्पा १: आधी गाडी कुठे अडली ते शोधा

पहिला आठवडा काहीही शिकवायचं नाही. फक्त शोधायचं.

गणित हा विषय मजल्यांवर मजले चढवल्यासारखा आहे. सहावीत अपूर्णांक जमत नाहीत याचं कारण बऱ्याचदा चौथीतल्या भागाकारात सापडतं, आणि भागाकार जमत नाही याचं कारण तिसरीतल्या वजाबाकीत. म्हणून चालू इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवा आणि मागच्या दोन इयत्तांची पुस्तकं काढा. रद्दीत गेली असतील तर बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. सीबीएसईवाल्यांना एनसीईआरटीची तशीच मिळतात.

त्यातून आठ-दहा गणितं निवडा. रोज तीन, जास्त नाही. कोऱ्या कागदावर पेननं सोडवायला सांगा, खोडरबर बाजूला ठेवा. चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहायचं. खोडलेली चूक तुम्हाला दिसत नाही, आणि या आठवड्यात तुम्हाला उत्तरापेक्षा चूकच हवी आहे.

नेमकं काय शोधायचं, त्याचे काही नमुने. हे वर्गात सतत दिसतात:

- ५२ − २७ = ३५. मुलानं ७ मधून २ वजा केले, कारण 'लहान आकडा मोठ्यातून जातो' एवढंच डोक्यात बसलंय. हाच मुलगा ३०६ − १४८ चं उत्तर २४२ काढतो. याला निष्काळजीपणा म्हणू नका, त्याचा नियमच चुकीचा आहे आणि तो प्रामाणिकपणे पाळतोय.
- ८ + ४ = □ + ५ मध्ये चौकटीत १२. 'बरोबर' या चिन्हाचा अर्थ त्याच्यासाठी 'आता उत्तर लिही' असा आहे, दोन्ही बाजू समान असा नाही. हे मूल सातवीत समीकरणांना अडतं आणि सगळे बीजगणिताला दोष देतात.
- ०.४५ हे ०.६ पेक्षा मोठं, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे.
- १/२ + १/३ = २/५. अंशात अंश, छेदात छेद.
- −३ − ५ = ८. 'मायनस मायनस प्लस' हे गुणाकारातलं वाक्य बेरजेत घुसलं.

उत्तर चुकलं की लगेच बरोबर करून दाखवायची ऊर्मी येते. गिळा. 'हे कसं केलंस, मला सांग' एवढंच विचारा आणि तो जे सांगेल ते कागदाच्या कडेला लिहून ठेवा. बरोबर आलेल्या उत्तरालाही तेच विचारा. नाहीतर 'कसं केलंस' म्हणजे 'चुकलास' हे मुलं दोन दिवसांत ओळखतात.

*तपासा:* आठवड्याअखेरीस 'याला गणित येत नाही' असं वाक्य तुमच्याकडे असेल तर टप्पा पुन्हा करा. 'शून्य मध्ये आला की हातचा घेता येत नाही' असं वाक्य हाती आलं तर पुढे चला.

टप्पा २: कोण बसणार ते ठरवा

घरात ज्याला गणिताचा वैताग कमी, त्यानं बसायचं. ज्याला जास्त येतं त्यानं, असं नाही. या दोन गोष्टी पुण्यात तरी सर्रास वेगळ्या निघतात. इंजिनिअर बाबांना सगळं येतं, पण पाचव्या मिनिटाला 'एवढं सोपं कसं कळत नाही' सुरू होतं. आजीचं शिक्षण जुनी अकरावी, पण ती शेंगा सोलत ऐकून घेते आणि 'मग पुढे काय केलंस?' विचारते. आजीला बसवा.

इंजिनिअर बाबांचा दुसरा घोळ म्हणजे 'एक्स धर'. पाचवीच्या मुलीला गणित आहे: दोघींकडे मिळून ४८ टिकल्या, एकीकडे दुसरीपेक्षा १२ जास्त, तर प्रत्येकीकडे किती? बाबा समीकरण मांडतात, उत्तर येतं, मुलगी मान हलवते. तिच्या वर्गात एक्स अजून आलेलाच नाही. तिच्या वयाला शोभेल अशी वाट म्हणजे दोन पट्ट्या काढायच्या, एक लांब, एक आखूड. लांब पट्टीचा जादा तुकडा १२. तो कापला तर ३६ उरले, दोन सारख्या पट्ट्या, म्हणजे १८ आणि १८. कापलेला तुकडा परत जोडला की ३०. हे ती दुसऱ्या दिवशी स्वतः करू शकते, एक्सवालं नाही.

या टप्प्यात घरातल्या बोलण्याचाही एक नियम करा. 'मलाही गणित कधी जमलं नाही', 'आमच्या घराण्यातच नाही', 'ती आर्ट्सवालीच होणार' ही वाक्यं मुलासमोर बंद. पाहुण्यांशी बोलतानाही. मुलाचा धीर वाढावा म्हणून आई हे प्रेमानं बोलते, पण मूल त्यातून सुटीचा अर्ज तेवढा वाचतं. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच होतं, आणि भावाच्या बाबतीत त्याच मार्कांना 'हुशार आहे, आळस करतो' म्हणतात.

आणि गणिताची धास्ती खरंच असेल तर? तर गृहपाठाला बसू नका, पण टप्पा ६ मधलं सगळं करा. शिकागोच्याच संशोधकांनी २०१५ मध्ये दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. पहिलीतल्या ५८७ मुलांच्या घरी टॅबलेट दिले. काही घरांना झोपायच्या आधी आईबाबांबरोबर वाचायच्या, आकड्यांच्या छोट्या गोष्टी आणि त्यावरचे प्रश्न मिळाले, बाकीच्यांना नुसतं वाचन. वर्षअखेरीस गणिताच्या गोष्टी वापरणारी मुलं पुढे होती, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो धास्ती असलेल्या पालकांच्या मुलांत. काय बोलायचं ते समोर तयार होतं आणि वही मध्ये नव्हती.

टप्पा ३: वेळ आणि सामान

वीस मिनिटं. पहिली-दुसरीला दहा-पंधरा पुरे. आठवड्यात पाच दिवस, ठरलेली वेळ.

हिंजवडीच्या किंवा खराडीच्या ऑफिसातून घरी पोचायलाच आठ वाजतात, जेवण होईतो साडेनऊ, आणि मग 'आण गणित'. या वेळी कुणाचंच गणित होत नाही, तुमचंही नाही. त्यापेक्षा सकाळी शाळेच्या आधीची वीस मिनिटं, किंवा आजी-आजोबा असतील तर संध्याकाळी खेळून आल्यावर. शनिवार-रविवारी तीन तास बसून आठवड्याचं उट्टं काढणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे. मुलाचा रविवार जातो आणि सोमवारपर्यंत डोक्यात फार काही उरत नाही.

सामान: पेन, रफ वही, चौकटीचा कागद, दहाच्या खेळण्यातल्या नोटा आणि एक रुपयाची नाणी, कागदाच्या पट्ट्या, मोजपट्टी. गाइड नको. गाइड टेबलावर असलं की मूल उत्तराकडून गणिताकडे जातं.

*धोका:* मोबाइल. मुलाचा नव्हे, तुमचा. शेजारी बसून ऑफिसच्या मेसेजना उत्तरं द्यायची असतील तर दुसऱ्या खोलीत बसा आणि वीस मिनिटांनी या.

टप्पा ४: प्रत्यक्ष बसायचं ते असं

इथे जरा थांबून वाचा. बाकीचं सगळं जमलं आणि हे चुकलं तर उपयोग नाही.

क्रम असा: मूल गणित मोठ्यानं वाचतं. मग पुस्तक बंद करून काय दिलंय आणि काय विचारलंय ते स्वतःच्या शब्दांत सांगतं. मग उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज करतं. मग सोडवतं, तुम्ही गप्प. शेवटी उत्तर अंदाजाशी ताडून बघतं.

शाब्दिक उदाहरणांत अर्धी मुलं दुसऱ्याच पायरीवर अडकतात. 'एकूण' दिसला की बेरीज, 'उरले' दिसला की वजाबाकी, असं शब्दांवरून क्रिया ठरवायला त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं. मग 'डब्यातले १५ लाडू खाल्ल्यावर ९ उरले, तर आधी किती होते?' याला ६ उत्तर येतं. शब्द पकडू नका, गोष्ट सांगायला लावा. गोष्ट सांगता आली की क्रिया आपसूक कळते.

अंदाजाची पायरी सगळे गाळतात. घरी बसणाऱ्या माणसाच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार तेच आहे. तिसरीतल्या मुलानं ५२ − २७ = ३५ लिहिलंय. आईनं 'चूक, हातचा घे' म्हटलं तर तो हातचा घेईल आणि उद्या विसरेल. त्याऐवजी:

'बावन्नमधून नुसते वीस काढले तर किती राहतात?'

'बत्तीस.'

'अजून सात काढायचे राहिलेत ना? मग पस्तीस कसे उरले रे?'

आता शांतता. ही शांतता भरू नका. मनातल्या मनात दहा मोजा. मुलगा स्वतःच आकड्यांकडे परत बघायला लागतो. नाहीच बघितलं तर पाच दहाच्या नोटा आणि दोन नाणी त्याच्यासमोर ठेवा: 'मला सत्तावीस रुपये दे.' दोन नोटा येतात. सात रुपये द्यायला नाणी दोनच. तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही दुकानदारासारखं म्हणा, 'सुट्टे हवेत का?' एक नोट मोडून दहा नाणी घेतली की बारा नाणी झाली, त्यातली सात गेली, पाच उरली, नोटा दोन. पंचवीस. तीन-चार वेळा नोटा मोडून झाल्यावर मगच वहीत हातचा लिहा. पाचाच्या डोक्यावर लिहिलेला तो ४ म्हणजे मोडलेल्या नोटेनंतर उरलेल्या नोटा, हे त्याला आता दिसतं.

अपूर्णांकाचंही तसंच. १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्या मुलीला छेद समान करायला सांगू नका. '२/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?' विचारा. कमी. 'अर्ध्यात आणखी काही मिळवलं आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं?' एवढं पुरतं. मग कागदाची पट्टी घ्या, घड्या घालून सहा सारखे भाग पाडा, अर्ध्याचे तीन भाग, तृतीयांशाचे दोन, मिळून पाच-षष्ठांश. छेद समान का करायचे, ते आता तिला दिसतं.

तुम्ही विचारायचे प्रश्न थोडेच आहेत: काय विचारलंय? साधारण किती येईल? हे कसं केलंस? चित्र काढता येईल का? दुसऱ्या मार्गानं तेच येतं का? याच्या पलीकडे बोलायची वेळ आली तर पेन्सिल मुलाच्या हातातच असू द्या. पालकाच्या हातात पेन्सिल गेली की शिकणं संपलं, प्रात्यक्षिक सुरू झालं.

दहा मिनिटं झटूनही अडलंच, तर वहीत लिहा: 'इथपर्यंत जमलं, इथे अडलं.' तसंच शाळेत जाऊ द्या. शिक्षकाला ही ओळ सोडवून आणलेल्या दहा गणितांपेक्षा जास्त उपयोगाची असते. घरून सगळं बरोबर होऊन आलं तर वर्गाला कळलंय असं समजून बाई पुढच्या धड्याला लागतात.

*धोका:* शाळेची पद्धत वेगळी दिसली म्हणून 'आमच्या वेळची' शिकवू नका. एकाच आठवड्यात भागाकाराच्या दोन पद्धती कानावर पडल्या की मूल दोन्हींचं कडबोळं करतं. आधी शाळेची पद्धत त्याच्याकडून समजून घ्या. तुमची पद्धत महिन्याभरानं, गंमत म्हणून.

टप्पा ५: पाढे

पाढे लागतात. यावर फार चर्चा नको. सात आठे छप्पन्न शोधायला अर्धं मिनिट लागत असेल तर मोठ्या भागाकारात मूल मधल्यामध्ये हरवतं. पण क्रमानं घोकलेला पाढा आणि कुठूनही विचारलेला पाढा यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पुष्कळ मुलांना सात आठेसाठी सात एके सातपासून सुरुवात करावी लागते.

२, ५, १० आधी. मग ४ (दोनाच्या दुप्पट), ८ (त्याच्या दुप्पट), ३, ६, ९, सगळ्यात शेवटी ७. आधी उड्या मारत मोजणं, मग पाठ, मग उलटसुलट. रोज पाच प्रश्न, जाता-येता, घड्याळ न लावता. घड्याळ लावून पाढे घेणं हा धास्ती पेरायचा हमखास उपाय आहे.

सेमी-इंग्रजीच्या मुलांचा एक घोळ इथेच निपटून टाका. घरी आजोबा 'एकोणसाठ' म्हणतात, शाळेत 'फिफ्टी नाइन', आणि मूल लिहितं ६९. एकोणसाठ ऐकताना साठ कानात राहतो आणि नऊ कुठून आला ते कळत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशा वाचनाची जोड दिली तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. वादात पडायचं कारण नाही. घरी टेकू म्हणून 'पन्नास नऊ, म्हणजे एकोणसाठ' असं महिनाभर जोडीनं म्हणा, टेकू आपोआप सुटतो. पाढे मात्र एकाच भाषेत पक्के करा. ज्या भाषेत मूल मनात मोजतं, त्याच भाषेत.

टप्पा ६: वहीबाहेरचं गणित

हे पाचव्या टप्प्यानंतर लिहिलं असलं तरी पहिल्या दिवसापासून सोबत चालवायचं आहे. यात एकच पथ्य: शिकवणीचा वास आला की संपलं.

लहान मुलांना सापशिडी. पण मोजायचं कसं, ते महत्त्वाचं. सोंगटी २४ वर आहे आणि ३ पडले, तर मूल 'एक, दोन, तीन' म्हणत पुढे जातं. त्याऐवजी घरातला आकडा म्हणायचा: 'पंचवीस, सव्वीस, सत्तावीस'. रॉबर्ट सिगलर आणि एलिडा लास्की यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर १०० पर्यंतच्या पटावर नेमकं हेच तपासलं होतं. घरातला आकडा म्हणत जाणाऱ्यांची आकड्यांची जाण वाढली. एक-दोन-तीन म्हणणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. खेळ तोच, पट तोच.

दुसरी ते पाचवीसाठी मंडई किंवा कोपऱ्यावरची भाजीची गाडी. 'भेंडी पाव किलो पंचवीस, अर्धा किलो पंचेचाळीस. कुठली घेऊ?' 'कांदे बत्तीस रुपये किलो, सव्वा किलो घेतले, पन्नास दिले, परत किती?' सव्वा म्हणजे एक आणि पाव, बत्तीसचा पाव आठ, चाळीस झाले, दहा परत. वहीत १.२५ × ३२ बघून गांगरणारं मूल भाजीवाल्यासमोर हे तोंडी करतं. परत आलेले पैसे त्यालाच मोजू द्या. मागे रांग खोळंबली असेल तर नको, त्या दिवशी घरी येऊन हिशेब करा.

सहावीच्या पुढे पुणेकरांच्या हाताशी पावसाळ्यात एक नामी उदाहरण असतं. जुलै उजाडला की वर्तमानपत्रात रोज चौकट येते, पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली धरणं किती टक्के भरली. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. चौघांची बेरीज मुलाकडून करून घ्या, २९.१५ येते. आता विचारा: खडकवासला १०० टक्के भरलं आणि पानशेत ४० टक्के, तर दोघांत मिळून किती टक्के पाणी? मूल म्हणणार ७०. बरेच बाबाही म्हणतात. पानशेतमध्ये ४.२६ टीएमसी, खडकवासल्यात १.९७, मिळून ६.२३. दोघांची क्षमता १२.६२. म्हणजे जेमतेम ४९ टक्के. खडकवासला भरलं म्हणून मुठा नदीत पाणी सोडलं तरी शहरात पाणीकपात का चालू असते, हे त्या एका आकड्यात आहे. टक्के कशाचे, हा प्रश्न इथे पक्का झाला की नफा-तोटा आणि व्याजात पुष्कळ डोकेदुखी वाचते.

विजेचं बिलही चांगलं आहे. युनिट वाढले की पुढच्या टप्प्याचा दर लागतो, पण तो फक्त वरच्या युनिटांना. 'शंभरच्या वर एक युनिट गेलं तर सगळं बिल महाग होतं का?' हा सातवीच्या मुलाला विचारण्यासारखा प्रश्न.

टप्पा ७: सहावी-सातवीपासून मागे सरका

नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये या वयोगटावरचे ५० अभ्यास एकत्र पाहिले. गृहपाठात थेट मदतीचा संबंध निकालाशी चांगला नव्हता. शिक्षणाचं मोल, पुढे काय करायचंय, अभ्यास कसा आखायचा यावर घरात होणाऱ्या बोलण्याचा संबंध सगळ्यात पक्का होता. बारा-तेरा वर्षांच्या मुलाशेजारी खुर्ची टाकून बसणं म्हणजे 'तुझ्यावर भरवसा नाही' असं रोज सांगणं.

सरकायचं कसं? पहिले दोन आठवडे तुम्ही खोलीत, पण टेबलापाशी नाही. मग फक्त शेवटी पाच मिनिटं: 'आजचं सगळ्यात अवघड गणित मला शिकव.' तुम्हाला येत नसेल तर उत्तमच, नाटक करावं लागणार नाही. मग आठवड्यातून एकदा, चुकांची वही बघणं. चुकांची वही म्हणजे चाचणीत चुकलेलं गणित, शेजारी चूक कुठे झाली त्याची एक ओळ, आणि खाली तेच गणित आकडे बदलून. ती मुलानं ठेवायची, तुम्ही फक्त आहे का ते बघायचं.

टप्पा ८: पालकसभेत काय विचारायचं

'अभ्यासात कसा आहे?' विचारलं की 'ठीक आहे, थोडा सराव वाढवा' हेच उत्तर मिळणार. साठ मुलांच्या वर्गात दुसरं काय मिळणार? पहिल्या टप्प्यातला कागद घेऊन जा. 'छेद वेगळे असले की हा अडतो. वर्गात कुठल्या पद्धतीनं घेतलंय? आम्ही घरी पट्ट्यांनी घेतो, चालेल ना?' दोन मिनिटांत काम होतं.

क्लास लावायचा असेल तर तिथेही तोच कागद दाखवा. मागच्या इयत्तेतला अडलेला भाग ते घेणार की थेट चालू धडा रेटणार, हे आधीच स्पष्ट करून घ्या. चालू धडा रेटणार असतील तर पैसे आणि मुलाची संध्याकाळ दोन्ही वाया.

महिन्यानंतरची तपासणी

मार्कांकडे इतक्यात बघू नका. हे बघा: मूल न विचारता अंदाज करतं का? चूक सापडल्यावर खोडण्याआधी क्षणभर तिच्याकडे बघतं का? पहिल्या टप्प्यातल्या दहा गणितांपैकी किती आता बरोबर येतात, आकडे बदलून? 'मला जमत नाही'च्या जागी 'मला हे जमत नाही' आलं का? यातलं दोन-तीन दिसत असेल तर तसंच चालू ठेवा.

काहीच हललं नसेल तर आधी टप्पा १ पुन्हा, यावेळी आणखी एक इयत्ता खाली जाऊन. आणि एक गोष्ट वेगळी नोंदवा. तिसरी-चौथीतही बोटांशिवाय ७ + ५ होत नाही, ३८ मोठे की ८३ यात गोंधळ, घड्याळ वाचता येत नाही, काल पक्कं झालेलं आज पुसलं जातं, आणि वाचन-बोलणं मात्र वयाला साजेसं, असं चित्र असेल तर हा सरावाचा किंवा आळसाचा प्रश्न नसू शकतो. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे गणिताशी संबंधित अध्ययन अक्षमता, तपासून घ्यावी लागते. शाळेच्या समुपदेशकांपासून सुरुवात करा. राज्य मंडळाच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळेसारख्या सवलती आहेत, पण त्यासाठी अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि चाचण्या, तारखा, कागदपत्रं यात बराच काळ जातो. दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ करणारे पालक दरवर्षी भेटतात. शंका असेल तर ही तपासणी प्राथमिक शाळेतच उरकून घ्या. कागदपत्रांचं काम राहिलंच असेल तर ते आठवीच्या पुढे ढकलू नका.